समुद्र उजव्या हाताला

गिरगाव, मुंबई
२ एप्रिल १९३४

चिरंजीव भिकाजीस राहीअक्काचे पोटभर आशीर्वाद.

मी आणि मालन वैशाखात रत्नागिरीस येत आहोत. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना माझी कशी गाळण उडते ते तुला ठाऊक आहे, तेव्हा मांडवी बंदरावर न्यायला ये आणि लांब उभा राहून हसू नकोस.

या खेपेस तुझी चुलत बहीण गिऱ्हाईक म्हणून येते आहे. एक अख्खा दिवस तू आमचा. त्या दिवशी दुकानाला कुलूप. मुंजीचा बटू येवो की कलेक्टर येवो, परत पाठव. तुझ्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर आम्हाला बसायचं नाही. त्यातला हंस बदकासारखा दिसतो, हे तुला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. आम्हाला फोटो हवेत ते ठिकाणांवरचे. थिबा राजाचा राजवाडा, किल्ल्यावरचा दीपस्तंभ आणि मांडवीची काळी वाळू. मुंबईत हल्ली ही टूम निघाली आहे. फिरायला जायचं तिथला फोटोवाला आधी पत्राने ठरवून ठेवायचा आणि त्याला दिवसभर बरोबर फिरवायचा. साहेबांनी केलं तर ती ऐट, आणि आपण केलं तर थेरं, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

अट एकच. प्रत्येक फोटोत मालनच्या उजव्या हातात काहीतरी हवं. पुस्तक, फूल, छत्री, काहीही चालेल. का ते विचारू नकोस. 'का' विचारण्यापायी तू शाळेत पुष्कळ मार खाल्ला आहेस.

तुझी,
राहीअक्का

---

रत्नागिरी
९ एप्रिल १९३४

ती. सौ. राहीअक्कास भिकाजीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावले. दिवस तुझा. रत्नागिरीत फोटोवाले दोनच. एक मी, आणि दुसरा माझ्याकडे शिकून गेलेला. तेव्हा तू योग्य ठिकाणीच आली आहेस. पडद्यातल्या हंसाबद्दल मात्र गैरसमज आहे. ते बदकच आहे.

आता धंद्याचं ऐक. मालनला लाल पातळ नेसवू नकोस. कॅमेऱ्यातल्या ज्या काचेवर फोटो उतरतो तिच्यापायी लाल रंग काळा उमटतो. मागच्या वर्षी एका नवरीचा शालू असा आला की तिच्या सासूने मला भर बाजारात विचारलं, आमच्याकडे काळ्या शालूत लग्न लावतात काय? निळंही नको, ते पांढरंफटक येतं आणि बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. हिरवं आण. राजवाड्यावर सकाळचं ऊन चांगलं. दुपारी फोटो नाही, दुपारी जेवण. किल्ल्यावर वारा फार, तिथे पदर सांभाळायला तू उभी राहा. मांडवीला संध्याकाळी, ओहोटी असताना. धाकूची बैलगाडी सांगून ठेवतो. माझा लाकडी कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं, काचांची पेटी आणि तू, एवढं वजन दुसऱ्या कोणाची बैलं ओढणार नाहीत.

का ते विचारत नाही. पण अक्का, नुसत्या हौसेच्या फोटोला कोणी अटी घालत नाही. हा फोटो कोणाला तरी दाखवायचा आहे. त्या कोणाचं नाव मला कळलं तर मी त्याच्या डोळ्यांनी फोटो काढीन.

तुझा,
भिका

---

गिरगाव
१५ एप्रिल १९३४

चि. भिकाजीस आशीर्वाद.

तुला वकील करायला हवं होतं. तर ऐक. मुलगा काशीराम, कराचीच्या बंदरात कारकून. मूळचा आपल्या मांडवीचाच, येसूबाईचा धाकटा. चौदाव्या वर्षी रत्नागिरी सोडली ती सोडली. आई त्याच्याजवळ असते. मुलगा निर्व्यसनी आहे, वाचनाचा नाद आहे आणि दोन माणसांत बोलतो बरं. रजा मिळत नाही म्हणून मुलगी बघायला येता येत नाही, आधी फोटो पाठवा म्हणतात.

आता माझी युक्ती बघ. येसूबाई लिहिते की रत्नागिरीचं नाव निघालं की हा जेवायचा थांबतो. म्हणून मी म्हटलं, नुसता मुलीचा फोटो कशाला? मागे किल्ला हवा, दीपस्तंभ हवा. मुलगी पहिल्या नजरेत नाही भरली तरी तो फोटो टाकून देणार नाही. गावासाठी पुन्हा पुन्हा बघेल, आणि बघता बघता पोरगीही बघेल.

मालन हसते आहे. म्हणते, "आई, किल्ल्याला स्थळ बघते आहेस की मला?" हसू दे. वीस संपलं तिचं. तीन ठिकाणांहून नकार आला, भिका. चौथा आला तर माझ्यात ऐकण्याची ताकद नाही.

राहीअक्का

---

रत्नागिरी
१२ मे १९३४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. फोटो धुऊन झाले. सोबत पाच छाप पाठवतो आहे आणि आता मी स्पष्ट बोलणार आहे.

राजवाड्यासमोरचा फोटो बघ. कमानी किती सुंदर आल्या आहेत, आणि मधे मालन उजव्या हातात पुस्तक घेऊन समन्स बजावायला आल्यासारखी उभी. दीपस्तंभाखाली चाफ्याचं फूल आहे आणि चेहरा एरंडेल घेतल्याचा. धाकू गाडीवान तिला काय म्हणाला आठवतं ना? "ताई, तुमी फोटोला बसलाव का दुखवट्याला?" तूच तिला दर फोटोआधी उजव्या हाताची आठवण करत होतीस. असं टोकल्यावर कोण हसेल?

पाचवा छाप मुद्दाम तळाशी ठेवला आहे. तू मांडवीला गाडीत बसून पायातली वाळू झाडत होतीस तेव्हाचा. वारा होता म्हणून तिने पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला, एक काटकी उचलली आणि ओल्या वाळूत शिडाची होडी काढायला बसली. मी कॅमेरा लावला, काच सरकवली, हाक मारली. तिने मान वर केली आणि हसली. अक्का, गेली कित्येक वर्षं मी लोकांचे चेहरे उतरवतो आहे. असा फोटो मला कधी मिळाला नव्हता. मागे किल्ला आहे, बाजूला समुद्र आहे, आणि तरी नजर तिच्यावरून हलत नाही.

आणि काटकी तिच्या डाव्या हातात आहे.

तर हे होतं होय! मला आधी सांगितलं असतंस तर मी काय गावभर दवंडी पिटणार होतो? माझं म्हणणं, हाच फोटो कराचीला पाठव. बाकीचे चार पाठवलेस तर तो काशीराम किल्ला कापून ठेवील आणि मुलगी परत करील. काच उलटी धरून छाप घेतला की डाव्याचा उजवा होतो, हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत असतं. पण मी तसलं करत नाही.

तुझा,
भिका

---

गिरगाव
१७ मे १९३४

चि. भिकाजीस आशीर्वाद.

फोटो पाहिला. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिला. माझी पोर एवढी देखणी आहे हे मला तू सांगावंस!

पण पाठवणार नाही. तुला बोलायला काय जातं? पहिल्या स्थळाच्या वेळी तिने पोह्यांची बशी डाव्या हाताने पुढे केली. मुलाच्या आत्याने ती घेतलीच नाही. बशी तशीच हवेत राहिली, भिका, आणि माझी पोर ती धरून उभी. दुसऱ्यांनी तिला सही करायला लावली. तिसरे म्हणाले, देवाचा नैवेद्य कोणत्या हाताने वाढणार? मालन बेधडक म्हणाली, "ज्या हाताने तो चांगला रांधला जातो त्या हाताने." आटोपलं.

तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. लग्न लागू दे, एकदा घरात रुळली की तिच्या हातचं जेवून सगळे गप्प बसतील. तोवर झाकली मूठ.

तू लिहिलंस ना, काच उलटी धरली की डाव्याचा उजवा होतो? मग धर उलटी. तू तसलं करत नाहीस हे वाचलं. माझ्यासाठी कर. मालनला कळवू नकोस.

राहीअक्का

---

रत्नागिरी
२४ मे १९३४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

केलं. तुझ्या त्या हवेत राहिलेल्या बशीने मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

आता केलंच आहे तर कसं केलं तेही ऐक. उलट्या काचेचा छाप जरा धूसर येतो, तो मी निवडून निवडून स्वच्छ काढला. पदर दोन्ही खांद्यांवरून असल्यामुळे कोणत्या खांद्यावरचा हा प्रश्नच नाही. राहिली चमकी. ती उलट्या फोटोत उजव्या नाकपुडीवर गेली, आणि ते कोणत्याही बाईच्या डोळ्यातून सुटलं नसतं. म्हणून ती खरवडून पुसली आणि बारीक कुंचल्याने डावीकडे बसवली. येसूबाईने भिंग लावून पाहिलं तरी सापडायची नाही. चोरी करायची तर नीट करावी. फोटोच्या पाठीवर माझ्या दुकानाचा शिक्काही मारला आहे, म्हणजे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम वाटायला नको.

मालनला सांग, अक्का. हे माझं शेवटचं सांगणं.

भिका

---

कराची
२ जुलै १९३४

रा. रा. भिकाजी फोटोग्राफर, मुक्काम रत्नागिरी, यांस काशीरामचा सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. फोटोच्या पाठीवर आपला शिक्का पाहून लिहीत आहे. सौ. राहीबाईंनी पाठवलेले पाचही फोटो मिळाले. पहिल्या चार फोटोंतल्या बाईंची मला थोडी भीती वाटली. पाचवा पाहिला आणि मी आईला म्हणालो, "होकार कळव." आई म्हणाली, "अरे, चहा तरी पी." मी चहा प्यायलो. मग फोटो घेऊन खिडकीपाशी बसलो, तो अजून बसलोच आहे.

कारण एक गोष्ट जुळत नाही. माझं सगळं लहानपण मांडवीच्या वाळूत गेलं. शाळा बुडवून, किल्ल्याकडे तोंड करून आम्ही बसायचो, आणि तिथे समुद्र डाव्या हाताला असतो. उजव्या हाताला जमीन, माडांची झाडं आणि मास्तर येण्याची वाट. आपल्या फोटोत समुद्र उजव्या हाताला आहे. आता दहा-बारा वर्षांत रत्नागिरीने कूस बदलली असेल तर मला कोणी कळवलं नाही. नाहीतर आपण काच उलटी धरली.

चुकून धरली असं मी आधी समजलो. पण मग आईने भिंग मागितलं. तिला चमकीत काही सापडलं नाही. मला सापडलं. चमकी फार सुबक आहे, भिकाजीराव. बाकी सगळा फोटो जरा धूसर, आणि चमकी तेवढी लख्ख.

उलटलेलं मी मनात सरळ करून पाहिलं. तेव्हा काटकी कोणत्या हातात येते तेही दिसलं. मला राग आलेला नाही. पण होकार मी अजून टपालात टाकलेला नाही, कारण तो कोणाला द्यायचा हे ठरायचं आहे. या उलट्या फोटोतल्या मुलीला की डाव्या हाताने होडी काढणाऱ्या मुलीला? मला सरळ छाप पाठवा. आणि हे पत्र त्यांना स्वतःला दाखवा. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, एवढं मला कळायला हवं.

आपला,
काशीराम

---

रत्नागिरी
१३ जुलै १९३४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

फजिती! सोबत कराचीचं पत्र. तू हात पाहिलास, मी चमकी पाहिली, आणि एवढा मोठा समुद्र दोघांनाही दिसला नाही. जन्मापासून रोज त्याच्या काठी झोपतो आणि उठतो, म्हणून तो कुठे असतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. घरातला पाट कोणत्या भिंतीला टेकवलेला असतो हे कुठे आपण बघतो?

सरळ छाप मी मालनच्या नावाने वेगळा पाठवला आहे, काशीरामच्या पत्राच्या नकलेसह. तू रागावशील. रागव. मी एकदा तुझं ऐकलं, एकदा तिचं ऐकायला हवं.

भिका

---

गिरगाव
२२ जुलै १९३४

श्री. काशीराम यांस मालनचा नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून मीच लिहिते. आई देवघरात बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. भिकामामाच्या नावाने मात्र पुष्कळ बोलते आहे.

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर फोटो गेला नसता, आणि तुम्ही शाळा बुडवून कुठे बसत होता हे मला कळलं नसतं. तेव्हा वाईटातून थोडं चांगलंही झालं. सरळ फोटो सोबत आहे. समुद्र जागेवर आहे, मोजून घ्या.

मी डावखुरी आहे. लिहिते, शिवते, चिरते, रांगोळी काढते ती डाव्या हाताने. हे पत्रही त्याच हाताने लिहिलं आहे आणि अक्षर बरं आहे असं सगळे म्हणतात. उजव्या हाताने जेवते आणि तीर्थ-प्रसाद घेते, तेवढं आईने शिकवलं आहे. पण वाढायला लागले की घाईत डावाच पुढे येतो, आणि यापुढेही येईल. तुमच्या आईंना त्या हातचं चालणार नसेल तर आताच सांगा. एकदा माझ्या हातात बशी तशीच राहिली होती. मला त्याचं काही वाटत नाही असं आई सगळ्यांना सांगते. वाटलं होतं. पण त्यासाठी मी हात बदलणार नाही.

माझ्या आईवर राग धरू नका. तिने खोटं केलं ते माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, लोकांवर नव्हता म्हणून.

आता माझी अट. तुमचा आईकडे आलेला फोटो मी पाहिला. खुर्चीवर बसलेले, डोक्यावर टोपी, मागे पडदा. त्यावरून मला काही कळत नाही. तुम्हीही एक फोटोवाला ठरवा आणि कराचीतल्या एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी उभे राहून फोटो काढा. काच सरळ ठेवा. मग बघू.

मालन

---

कराची
९ ऑगस्ट १९३४

सौजन्यशील मालनबाई यांस नमस्कार.

फोटोवाला ठरवला. इथला बंदरावरचा दीपस्तंभ प्रसिद्ध आहे, त्याच्याखाली उभा राहिलो. फोटोवाला टोपी नीट करायला आला तेव्हा मी ती काढून त्याच्याच हातात दिली. आता फोटो बघा. कपाळ कुठे संपतं ते तुम्हाला सापडलं तर मला कळवा, मी बरीच वर्षं शोधतो आहे. ही गोष्ट रत्नागिरीत कोणाला माहीत नाही. माझ्या आईनेच सांगितलं होतं, "टोपी घालूनच फोटो काढ, लग्न लागलं की मग बघू." तेव्हा तुमच्या आईंवर राग कुठल्या तोंडाने धरू?

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. दोन दिवस गेले. मग दळायला बसली असताना म्हणाली, "अरे, जात्यावर दोघी बसलो की नेहमी कोपराला कोपर लागतं. शेजारी डावखुरी असली तर लागायचं नाही." आणि दळत राहिली. माझ्या आईचा होकार असाच असतो.

माझा होकार पाचव्या फोटोला होता. तो आता सरळ झाला आहे, म्हणून पुन्हा देतो. तुमचं काय?

काशीराम

---

गिरगाव
४ फेब्रुवारी १९३५

चिरंजीव भिकाजीस राहीअक्काचे आशीर्वाद.

बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण लग्नात तू जेवून गेलास आणि श्रीखंडाला नावं ठेवून गेलास, तेव्हा अबोला तूच मोडला आहेस.

जावयाला रजा मिळाली आहे. तो, मालन आणि मी पुढच्या महिन्यात रत्नागिरीस येतो. एक अख्खा दिवस तू आमचा, दुकानाला कुलूप. धाकूची गाडी सांगून ठेव. जावयाला वाळूत बसू दे हवा तेवढा वेळ. बोटीच्या वाऱ्याने डोकं थंड पडतं म्हणतो, तेव्हा मफलर आणायला सांगितला आहे. टक्कल असलं तरी माणूस मोठा गोड आहे, भिका. लग्नाच्या पंगतीत मालन वाढायला आली, सवयीने डावा हात पुढे झाला, आणि माझा जीव उडाला. येसूबाईंनी पान पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "अगो, आणखी वाढ की." मी मागच्या दारी जाऊन रडले.

तो वाळूतला फोटो, सरळ केलेला, आता आमच्या बाहेरच्या खोलीत लावला आहे. आले-गेले विचारतात, "डाव्या हाताने काढते आहे का हो?" मी हो म्हणते, आणि आवाज खाली घेत नाही.

आता या खेपेची अट. मालनच्या उजव्या हातात काही द्यायचं नाही. त्या बाजूला काशीराम आहे, त्याचं तो बघेल. तो समुद्राच्या बाजूला, मधे मालन, आणि तिच्या डाव्या अंगाला मी उभी राहणार आहे. तो हात आजवर मी झाकत आले. या फोटोत मी तो धरणार आहे.

काच सरळ ठेव.

तुझी,
राहीअक्का